ग्रुप सोडून गेलेल्या बाया

माझ्या एका शोधनिबंधात असं वाक्य आहे: "सर्व सभासदांनी डिजिटल माध्यमातून एकमताने संमती दिली." हे वाक्य खोटं आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. चुकून लिहिलं गेलं, घाईत तपासायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. भर दुपारी, पोटभर जेवून, खुर्चीत नीट बसून मी ते लिहिलं. लिहून झाल्यावर चहाही प्यायलो.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात हसण्यासारखे प्रसंग बरेच आहेत, आणि वाचणाऱ्याला असं वाटायला नको की हा माणूस हसता हसता आपली चूक गिळून टाकतो आहे.

साकोलीच्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो. चाळिशी ओलांडल्यावर पीएचडीला नाव नोंदवलं. माझ्याबरोबरचे काही जण तोवर मुलीच्या लग्नाचं बघायला लागले होते आणि मी संशोधनाचा विषय बघत फिरत होतो. ज्या ज्या परिषदेला जावं तिथे तेच तीन विषय: कंपन्यांची व्यूहरचना, कारभार म्हणजे गव्हर्नन्स, आणि डिजिटल परिवर्तन. बॅनरवर तेच, भाषणात तेच, जेवणाच्या रांगेतही तेच. एक प्राध्यापक वांग्याची भाजी वाढून घेता घेता मला म्हणाले, "संचालक मंडळात कोण बसतं हा प्रश्न आता जुना झाला, सर. आताचा प्रश्न असा, की निर्णय नेमका कुठे होतो?" मला पूर्ण कळलं नाही. पण मी इतका भारावलो की वरण घ्यायचंच विसरलो आणि कोरडा भात खात त्या प्रश्नावर विचार करत बसलो. ते दिवस मला फार आवडले. या वयात पुन्हा विद्यार्थी होण्यात एक वेगळंच सुख असतं, दप्तर घेऊन निघालं की बायकोसुद्धा "डबा घेतला का?" असं शाळेतल्या पोराला विचारावं तसं विचारते.

माझ्या मार्गदर्शक मॅडम नागपूरच्या. बोलायला कडक, पण माणूस म्हणून मोकळ्या. त्या म्हणाल्या, "मोठ्या कंपन्यांवर सगळेच लिहितात. एकाच वार्षिक अहवालावर दहा जण तुटून पडतात. तुम्ही जवळची एखादी छोटी संस्था घ्या, जिथे सभासदच मालक आहेत. तिथे मोबाइल आल्यावर निर्णय घ्यायची रीत कशी बदलते ते बघा."

मला लगेच ताईचं गाव आठवलं.

ताई माझी थोरली बहीण. तिचं सासर नागझिऱ्याच्या जंगलाच्या अलीकडे, एका मोठ्या तलावाच्या काठी. आमच्या गावात वरचे वर्ग नव्हते, म्हणून शाळेची बरीच वर्षं मी तिच्याच घरी राहून शिकलो. तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या तलावात मासोळी धरतात आणि हंगामात धानाच्या वावरात राबतात. गावात मच्छीमारांची सहकारी संस्था आहे आणि तलाव संस्थेकडे आहे. ताई सभासद आहे. तिच्यासारख्या आणखी पुष्कळ बाया सभासद आहेत. खोल पाण्यातली मोठी मासोळी पुरुष जाळ्यांनी धरतात. काठच्या उथळ पाण्यातले झिंगे, म्हणजे छोटी कोळंबी, आणि बारीक मासोळी बायांची. हे सगळं त्या हातजाळ्यानं धरतात आणि साकोलीच्या बाजारात नेऊन विकतात.

संस्थेची सभा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भरते. त्या सभेची एक रीत आहे, आणि ती समजल्याशिवाय माझी चूक समजणार नाही. तिथे तोंडानं "नाही" कोणी म्हणत नाही. म्हणणार तरी कसं? जो तो दुसऱ्याचा कोणी तरी लागतो. अध्यक्ष हे भाऊजींचे थोरले भाऊ, म्हणजे ताईचे भासरे. भासऱ्यासमोर सून डोक्यावरचा पदर नीट करते आणि गप्प बसते. हातात स्मार्टफोन आला तरी यात काही फरक पडलेला नाही. मग एखादी गोष्ट पटली नाही की ती बाई उठते, पाळ उतरून पाण्याशी जाते, हातपाय धूत तिथेच उभी राहते. पुरुषही तेच करतात. कोणी डोंग्याचा, म्हणजे होडीचा, दोर बघायला जातो, कोणी उगाच पाण्यात खडे टाकतो. वर सभा थांबते. अध्यक्ष विचारतात, "काय गा, पानी गरम हाये का?" मग कोणी तरी खाली जातं, त्या माणसाशी बोलतं, वर येऊन सांगतं, ठरावात थोडा फेर होतो. खाली गेलेला माणूस परत येऊन बसला की पुढचं बोलणं. सगळे बसलेले असले की ठराव मंजूर.

लहानपणी मी पाळीवरच्या पोरांत बसून हे बघायचो. एकदा एक म्हातारबाबा सकाळी जे पाण्यात जाऊन उभे राहिले ते सूर्य डोक्यावर आला तरी वर येईनात. निरोप घेऊन जाणाऱ्यांचे पाय दुखले. शेवटी त्यांची बायकोच वरून ओरडली, "या आता वर, पाय फुगून बेडूक होऊन जासान!" सारी सभा हसली, बाबाही हसले, आणि त्यांचं म्हणणं मान्य होऊनच ते वर आले.

तर या संस्थेचा मी व्हॉट्सॲप ग्रुप करून दिला. सुरुवातीचे दिवस गमतीचे गेले. काही बायांनी गुलाबाच्या फुलांचा इतका मारा केला की अध्यक्षांनी आवाज पाठवला, "फुलं बाजारात विका जी, इथं मासोळीचं बोला." ताईचे आवाजी निरोप तर ऐकण्यासारखे असत, बोलता बोलता मध्येच ती कोंबड्यांना हाकलायची आणि ते सगळ्या सभासदांपर्यंत पोचायचं. उपयोगही झाला, तो नाकारता येणार नाही. कुठल्या बाजारात आज माल कमी आला ते सकाळीच कळू लागलं. सिहोऱ्याकडून मत्स्यबीज आणायचं होतं तेव्हा अध्यक्षांनी व्हिडिओ कॉलवर विकणाऱ्याला सांगितलं, "टाकीतलं पानी हालवा जी. जरा नाचू द्या त्याइले. निजलेलं बीज मी घेत नाही." अख्खा ग्रुप त्या बोटभर पिल्लांचं नाचणं बघत होता. मी हे सगळं उत्साहानं टिपून घेत होतो. वाटत होतं, त्या वांग्याच्या भाजीवाल्या प्राध्यापकांना उत्तर आपणच देणार.

दिवाळीनंतर धानाची कापणी ऐन भरात असताना एक नागपूरचा व्यापारी आला. तलावातली सगळी मोठी मासोळी तो आधीच बोलून ठेवायला तयार होता. भाव चांगला देत होता. त्याची एक अट होती: आत्तापासून काठ बंद. कोणी हातजाळं टाकायचं नाही, म्हणजे लहान पिल्लं सुटी राहतील आणि वाढतील.

अध्यक्षांचा मला फोन आला. "सर, त्याले उत्तर पायजे लवकर. अन् सभा तं काही होत नाही. सारे वावरात हायेत."

मी म्हणालो, "सभा कशाला? ग्रुपवर मत घेऊ."

प्रश्न मीच लिहिला. खाली दोन पर्याय, हो आणि नाही. आणि त्याच्याखाली एक नियम, तोही माझाच: संध्याकाळपर्यंत जो उत्तर देणार नाही त्याची संमती धरली जाईल. मोठ्या कंपन्यांच्या समित्यांत हरकत आली नाही तर मंजूर, अशी पद्धत असल्याचं मी वाचलं होतं. आपल्या तलावावर ती लावताना मला अभिमान वाटला.

मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होतो. फोनवर "हो" येऊ लागले. आधी अध्यक्ष, मग एकेक पुरुष. मत कोणी दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसत होतं. मग पडद्याच्या मधोमध बारीक अक्षरांत एक ओळ आली. माझ्या फोनमध्ये बहिणीचं नाव ताई असंच आहे, त्यामुळे ओळही तेवढीच होती: ताई ग्रुपमधून बाहेर पडली.

थोड्या वेळानं दुसरी बाई बाहेर पडली. मग तिसरी. मग अध्यक्षांची बायको. एकापाठोपाठ एक ओळ येत होती आणि मला समोर पाळ दिसत होती, तिच्यावरून उतरणाऱ्या बाया दिसत होत्या, पाण्यात उभे राहिलेले त्यांचे पाय दिसत होते. भासऱ्याचं "हो" वर चमकत असताना खाली आपल्या नावानं "नाही" दाबणं त्यांना जमणार नव्हतं. म्हणून त्या उठून गेल्या. हे मला त्या क्षणी लख्ख समजलं. समजावून सांगणारं कोणी लागलं नाही.

पण शोधनिबंध पाठवायची मुदत जवळ आली होती. तक्ता आधीच तयार होता. त्यात एक रकाना भरायचा बाकी होता. मी लिहिलं: "तांत्रिक कारणांमुळे सहभाग थांबवलेले सभासद." आणि त्याखाली ते एकमताचं वाक्य. एवढ्यावरही थांबलो नाही. संध्याकाळी ग्रुपवर टाकलं, "ठराव एकमताने मंजूर. सर्वांचे अभिनंदन," आणि पुढे एक फूल.

ताई बाजाराच्या दिवशी साकोलीला यायची ती माल विकून आमच्याकडेच यायची. पळसाच्या पानात बांधलेले झिंगे बायकोच्या हातात द्यायची, आणि मग दोघी स्वयंपाकघरात बसून मला ऐकू जाईल अशा बेतानं माझी निंदा करायच्या. आमच्या घरी बाजाराचा दिवस सणासारखा होता. ठरावानंतर ती येईनाशी झाली. माल नाही तर बाजार कशाला? पहिल्या बाजाराला बायको दोनदा दारात जाऊन रस्ता बघून आली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "ताई काहून येऊन नाही राहिल्या?"

"धान कापणं चालू असेल," मी म्हणालो.

"धान कवाचं घरात आलं. तुमीच काही तरी लपवून राहिले."

मी पेपर उघडून वाचायला लागलो. तो कालचा होता.

नागपूरच्या परिषदेत निबंध वाचला तेव्हा टाळ्या मिळाल्या. ग्रामीण संस्था, डिजिटल निर्णय, पूर्ण सहमती. लोकांना हे सगळं एकदम हवं असतं. मागच्या रांगेतून एका तरुण प्राध्यापिकेनं विचारलं, "सर, तक्त्यातल्या सहभाग थांबवलेल्या सभासदांचं काय? ते का थांबले?" मी म्हणालो, "आमच्याकडचं नेटवर्क तर तुम्हाला माहीतच आहे." सभागृह हसलं. नेटवर्कनं छळलं नाही असा माणूस तिथे नव्हता. मीही त्यांच्याबरोबर हसलो. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी ताईकडे गेलो. ती अंगणात होती. "ये," म्हणाली, आणि नंतरचं सगळं बोलणं शेळीशी. "पाहून घे वो, पाव्हना आला. मोठा मानूस हाये. त्याच्या पँटीले तोंड नको लावू." भाऊजी हसू दाबत बाहेर निघून गेले. मी जेवायला बसलो तेव्हा तिनं ताट पुढे सरकवलं. भात, वरण आणि आलूची भाजी.

मासोळी धरणाऱ्यांच्या घरी सख्ख्या भावाला आलू. याहून मोठा राग त्या घरात दाखवता येत नाही.

"झिंगे नाहीत का, ताई?"

"काठ बंद हाये ना, डाक्टर. एकमतानं."

पीएचडी पूर्ण व्हायच्या आधीपासूनच ती मला डाक्टर म्हणते. कधी लाडानं, कधी अशी. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर आला तो नियम. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर संमती धरतात, कंपन्यांत असंच असतं, वगैरे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग चक्क हसली. तिचा राग फार टिकत नाही. तो टिकला असता तर मला बरं वाटलं असतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मी साऱ्या बायांले सांगतलं, बाबू इसरून गेला. इतके वरीस शहरात राहते, कॉलेजात शिकवते, पाळीवरची रीत थो का ध्यानात ठेवन? त्याची चूक नाही, म्हटलं. तू आलू खाय. नाही आवडले तं लोणचं घे."

मी मान डोलावली आणि आलू खाल्ले. तिनं माझी बाजू घेऊन गावात भांडण केलं होतं, आणि तिची ती समजूत मी तशीच राहू दिली. निबंधातलं खोटं निदान अनोळखी लोकांसाठी होतं. हे दुसरं मी तिच्या ताटात जेवताना केलं.

परत आल्यावर मी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. मनात म्हटलं, फार तर नोंदणी रद्द होईल. त्या म्हणाल्या, "हजर नसलेल्यांना होकारात मोजायचं, हा आमच्या विषयातला जुना आजार आहे. सगळे त्यावर उपाय शोधताहेत. तुमच्या तलावावर लोक उठून गेले तर सभा थांबते, आणि ही गोष्ट तुम्ही तळटीपेतसुद्धा लिहिली नाहीत?" मी ज्या ओरड्याची तयारी केली होती तो हा नव्हता. "निबंध छापायला गेलेला नाही, मागे घ्या," त्या म्हणाल्या. "आणि आधी त्या बायांचा काठ बघा. प्रबंधाचं मग बघू."

मी निबंध मागे घेतल्याचं पत्र पाठवलं आणि अध्यक्षांकडे गेलो. ते ओसरीवर जाळं विणत बसले होते. मी म्हणालो, "दादा, तो ठराव बरोबर झाला नाही."

"मले का दिसलं नाही काय?" ते मान वर न करता म्हणाले. "घरची सून गेली ग्रुपातून, भाचसून गेली, माई बायको बी गेली. सांगतो तुमाले, तवापासून भाजीत मीठ नाही. मागतलं तं म्हनते, ग्रुपात टाका, संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तं समजा मीठ टाकलं."

आतून भांडी जोरात वाजली.

"मग बोलला नाहीत का?"

"तुमचा नियम होता ना, सर. अन् भाव बी चांगला होता. मीबी बसलो त्या नियमाच्या आडोशाले." ते हसले. "कागदावर सही अजून व्हायची हाये. बसू पाळीवर. त्या व्यापाऱ्यालेबी बोलावू."

सभेची सकाळ मस्त थंडीची होती. तलावावरून वाफ निघत होती, पलीकडच्या काठाला बदकं उतरली होती. धान घरात आल्यामुळे माणसं खुशीत होती. मोठ्या किटल्यांत चहा आला होता. व्यापारी गाडी लांब ठेवून नवे बूट सांभाळत पाळीवरून चालत आला. सतरंजीच्या कडेला त्याला जागा दिली. मी सभासद नाही, म्हणून मागे बसलो.

अध्यक्षांनी ठराव पुन्हा मांडला: काठ बंद करायचा. वाक्य पुरं व्हायच्या आत बाया उठल्या. एकदोन नाही, साऱ्या. अध्यक्षांची बायको सगळ्यांत पुढे. साड्यांचे रंग पाळीवरून खाली उतरले आणि पाण्याच्या कडेनं ओळीनं उभे राहिले.

व्यापारी गोंधळला. "या कुठे चालल्या?"

"नाही म्हनून राहिल्या," अध्यक्ष म्हणाले.

"पण कोणी बोललं कुठे?"

"हे बोलनंच झालं ना जी. तुमाले अजून मोठ्यानं पायजे का?"

पुरुष हसायला लागले. आता खाली निरोप घेऊन कोण जाणार हा प्रश्न आला. एरवी बायांपैकीच कोणी जायची. आज वर एकही बाई उरली नव्हती. अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला बोट दाखवलं. "सर, तुमी जा. तुमीच त्याइले बाहेर काढलं, तुमीच वर आना."

मी चप्पल काढून खाली गेलो. पाणी बर्फासारखं होतं. ताई म्हणाली, "काय निरोप आनला, पोस्टमन?"

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मी खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. व्यापारी म्हणाला, एक बाजू सोडतो. बाया म्हणाल्या, ज्या बाजूला त्यानं बोट केलं तिथे दगड आहेत, झिंगे गवतात असतात, दगडात नाही. दगड त्यानंच घेऊन जावे, शिजवून खावे. व्यापारी म्हणाला, बारीक जाळ्यात रोहू-कतल्याची पिल्लं जातात, त्याचं काय? हा निरोप घेऊन मी उतरलो तेव्हा बायांचं आपसातच वाजलं. एक म्हणाली, जातात खरी. दुसरी म्हणाली, तुझ्या जाळ्यात जात असतील. ताई म्हणाली माझ्याही जातात, खोटं कायले बोलाचं? अखेर ठरलं की पिल्लं हातभर होईपर्यंत बारीक जाळं बंद, त्याऐवजी टोपल्यांनी झिंगे धरायचे, आणि गवताचा सगळा काठ बायांचा. मी धापा टाकत हे वर सांगितलं. व्यापारी विचार करून म्हणाला, "मला पिल्लांचीच काळजी होती. झिंग्यांचं मी काय करू?"

"मंग हे पहिलेच काहून नाही सांगतलं?" पुरुषांतून कोणी तरी विचारलं.

"मला विचारलं कुठे? मला तर एकमत झाल्याचा मेसेज आला."

सगळे माझ्याकडे वळून हसले. बाया वर आल्या, ओले पाय आपटत सतरंजीवर बसल्या. ठराव झाला. मग अध्यक्षांनी बसल्या बसल्या भाव थोडा वाढवून मागितला. व्यापाऱ्यानं एक क्षण त्यांच्याकडे बघितलं, मग शांतपणे बूट काढले, मोजे बुटात खोचले, आणि पाळ उतरून पाण्यात जाऊन उभा राहिला. असं हसणं मी त्या पाळीवर कधी ऐकलं नव्हतं. पलीकडची बदकं उडाली. ताईला तर ठसकाच लागला. शेवटी अध्यक्ष स्वतः खाली गेले आणि दोघं खांद्यावर हात टाकून वर आले. भाव मधोमध कुठे तरी ठरला.

ग्रुप राहावा असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. फक्त त्या नियमाच्या जागी नवा नियम आला: कोणी बाहेर पडलं की मत मोजणं थांबवायचं आणि त्या घरी जाऊन यायचं. बायांना पुन्हा ग्रुपात घेणं चालू होतं, कोणाचा फोन लागत नव्हता, कोणी आत आल्या आल्या गुलाब पाठवत होतं.

तेवढ्यात एका तरुण सभासदानं मला विचारलं, "सर, पन हे तुमाले आधी ध्यानात कसं नाही आलं? तुमी तं इथंच मोठे झाले."

मी काही बोलायच्या आत ताईनं उत्तर दिलं. "इसरला होता बिचारा. आता आठवलं त्याले. हो ना गा, बाबू?"

तिनं ते मायेनं म्हटलं. सगळे हसऱ्या तोंडानं माझ्याकडे बघत होते. "हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता, आणि दुपारी तिच्या घरी झिंग्यांची भाजी ठरलेली होती. मला आठवतं, हातातला चहा थंड झाला होता. मी तो खाली ठेवला.

"नाही, ताई," मी म्हणालो. "मी इसरलो नव्हतो."

तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले.

"तू ग्रुपातून निघाली तवाच मले समजलं, का तू नाही म्हनून राहिली. साऱ्या बायांचं समजलं. तरी मी लिहिलं का साऱ्याइनं हो म्हटलं. मले तो निबंध पाठवाचा होता म्हनून लिहिलं. मंग तू माझ्यासाठी सगळ्यांशी भांडली, तेबी मी ऐकून घेतलं, अन् तुझ्या घरी बसून जेवलो. माझी चूक झाली, ताई. मले माफ कर. अन् तुमी साऱ्या जनीबी मले माफ करा."